वाढप्यांची पंगत

विष्णू टोकेकर आग्रह करायला समोर उभा राहिला की पानावर बसलेल्या माणसाच्या सगळ्या वाटा बंद व्हायच्या. दोन्ही हात पानावर आडवे धरले तर तो बोटांच्या फटीतून जिलबी सोडायचा. "पोट भरलं," म्हणाल तर "पोटाला कोण विचारतंय, मी तुम्हाला विचारतोय," म्हणायचा. शुगर आहे म्हणून सांगितलं, तर "मग अर्धीच," असं म्हणत दीड वाढायचा. उज्जैनमध्ये नानाखेड्याच्या बस स्टँडमागे आमची कॉलनी आहे. मराठी घरं चाळीसेक. या चाळीसही घरांतल्या पोटांच्या घेराला थोडाफार विष्णू जबाबदार आहे. माझ्या घेरातले दोन इंच तर मी स्टँपपेपरवर त्याच्या नावे करून द्यायला तयार आहे.

आमच्या मंडळात दोन प्रकारचे लोक. ज्यांचे पूर्वज शिंदे सरकारांबरोबर घोड्यावरून आले ते, आणि ज्यांचे वडील बँकेच्या बदलीवर बसने आले ते. मी बसवाला. विष्णू घोडेवाला. त्याचे पूर्वज म्हणे सरकारच्या मुदपाकखान्यावर कारभारी होते. पुरावा मागितला की तो स्वतःचं पोट दाखवायचा, आणि तो पुरावा कुठल्याही कोर्टात टिकला असता. नोकरी माधव नगरच्या वीज ऑफिसात, बिलांच्या तक्रारींच्या खिडकीवर. लोक शिव्या द्यायला यायचे आणि मसालेभाताची कृती विचारून जायचे.

मंडळाचा एक नियम आहे. वाढप्यांनी शेवटी जेवायचं. दोनशे पानं उठली, पत्रावळी उचलल्या, झाडू फिरला, की मग उरलेल्या चटया सरळ करून आम्ही वाढपी बसतो. तीच खरी पंगत. श्रीखंड संपलेलं, पुऱ्या गार, पण हसणं असं, की आचारीही येऊन बसतो. विष्णू त्या पंगतीचा राजा होता.

पुढे तो त्या पंगतीत दिसेनासा झाला. ते आमच्या लक्षात कसं आलं नाही, हे मला लिहायचं आहे. तसं ते लक्षात आलंच होतं. आम्ही त्याचे जोक केले.

सुरुवातही जोकनेच झाली, आणि तो माझा होता. गणपतीत आमच्याकडे सूत्रसंचालन माझ्याकडे असतं, कारण माइक सोडायला मी कधीच तयार नसतो. तीन वर्षांपूर्वी मी स्टेजवरून म्हणालो, "विष्णूला वर बोलावणार होतो, पण मंडपवाल्याने डिपॉझिट डबल मागितलं." मंडप कोसळेल इतकं लोक हसले. सगळ्यांत मोठ्याने विष्णू हसला. जाड माणसाला तसं हसावंच लागतं, नाही तर लोक म्हणतात चिडका आहे. हे मला आता कळतं.

त्याच महिन्यात त्याची शुगर थोडी वर आली. डॉक्टरांनी सांगितलं, जरा कमी खा, जरा चाला. विष्णूने जिलबी सोडली. मग भात सोडला. पुढच्या गणपतीपर्यंत तो इतका उतरला, की आमच्या तात्यांना राहवेना. तात्या म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या कपाटात कायम डझनभर शाली तयार असतात आणि सत्कार केल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. एकदा तर त्यांनी दहावीत दोनदा आपटलेल्या मुलाला चिकाटीबद्दल शाल घातली होती. विष्णूचाही सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि माझं भाषण. "अर्धा विष्णू हरवला आहे, सापडल्यास मंडळात जमा करावा," वगैरे. टाळ्या, शिट्ट्या.

स्टेजवरून उतरताना त्याने माझा दंड धरला आणि हळूच विचारलं, "जयंता, खरं सांग न यार. अजून सुटलेलंच दिसतं का रे पोट?"

मी त्याच्या सपाट पोटावर थाप मारली. "थोडं आहे अजून, हं!"

मी हसलो. त्या दिवशी पहिल्यांदा तो माझ्या जोकला हसला नाही. त्याने मान हलवली, जसा एखादा माणूस बिलाची तक्रार टिपून घेतो तशी.

त्यानंतरचे सात महिने जे जे दिसलं, ते आता पाढ्यासारखं पाठ आहे. तेव्हा प्रत्येक गोष्टीचं उत्तर आमच्याकडे तयार होतं. सकाळी रामघाटापर्यंत चालत जायचा आणि चालत यायचा, संध्याकाळी पुन्हा. आम्ही म्हणालो, महाकालाची कृपा. पायाला मोच आली तरी लंगडत गेला. आम्ही म्हणालो, काय निष्ठा! पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडत गेला. आम्ही म्हणालो, टोकेकर, आता पट्टा घड्याळाला लावा. शनिवारी मंडळात सगळ्यांसाठी कचोऱ्या आणायचा आणि स्वतः न घेता आमच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा, कुरकुरीत आहे का, चटणी कशी आहे, असं विचारत. आम्ही म्हणालो, दाता! मोबाईलवर दिवसभर स्वयंपाकाचे व्हिडिओ. उकडीपासून उंधियोपर्यंत जगातला प्रत्येक पदार्थ त्याला तोंडपाठ झाला. आम्ही म्हणालो, रिटायर होऊन खानावळ काढणार बहुतेक.

मग गाय. वीज ऑफिसच्या फाटकाशी दीड वाजता एक तांबडी गाय येऊन उभी राहायची. विष्णू डबा घेऊन बाहेर जायचा आणि रिकामा डबा घेऊन आत यायचा. गोग्रास घालतो, असं सांगायचा. उज्जैनमध्ये गाईला घास घालणाऱ्याकडे कोण संशयाने बघणार? आम्ही तर त्याच्या पाया पडायचंच बाकी होतं. गाय मात्र चांगली भरली. मी म्हणायचो, विष्णूचं वजन कुठे जातं ते बघा, शेपटीसकट उभं आहे.

मार्चमध्ये तो पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालायला लागला. वर सत्काराची शाल. आम्ही कूलर पुसून खिडकीला लावत होतो आणि हा शाल पांघरून. हात मिळवला की बर्फाच्या लादीवर हात ठेवल्यासारखं वाटे. हसऱ्या विष्णूला आता लहानसहान गोष्टींवर राग यायला लागला. एकदा त्याची बायको शोभा, जी नगरपालिकेच्या शाळेत गणित शिकवते, त्याच्या ताटात तुपाची धार सोडून बसली, तर हा ताट तसंच ठेवून उठला. शोभावहिनी माझ्या बायकोला म्हणाली, "रिटायरमेंट जवळ आली की पुरुष असेच होतात म्हणे." माझ्या बायकोने माझ्याकडे बघून मान डोलावली.

तर एप्रिलच्या सुरुवातीला मी मेहुण्याला इंदूरच्या बसमध्ये बसवायला स्टँडवर गेलो होतो. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बापू नावाचा एक म्हातारा वजनकाटा घेऊन बसतो. साधा घरगुती काटा, खाली गोणपाट, बाजूला पाण्याची बाटली. समोर विष्णू उभा होता. मी हाक मारणार तेवढ्यात त्याने चपला काढल्या, आणि मी झाडाआड थांबलो. मग घड्याळ. मग चष्मा, पट्टा, खिशातल्या किल्ल्या, आणि शेवटी शाल. सगळं घडी करून गोणपाटावर ठेवलं. देवळात जाणारा माणूस जितक्या भक्तीने चपला काढतो, तितक्या भक्तीने. आणि काट्यावर पाय ठेवणार, तर बापूने काटा मागे ओढला.

"आज नहीं तौलूँगा, साहब।"

"क्यों? पैसे देता हूँ न।"

"सुबह से चौथी बार आए हो। काँटे में कुछ नहीं रखा, साहब। घर जाओ, रोटी खाओ।"

विष्णू सगळं गोळा करून निघून गेला. मी झाडाच्या आडून बाहेर आलो. बापूने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आपके पहचान के हैं?"

"दोस्त हैं।"

"दोस्त हो तो उनके घर पे बोलो," बापू म्हणाला. "मैं तो काँटे वाला हूँ, मुझे दिख रिया है। आप लोगों को नहीं दिखता?"

बापूने सांगितलेलं काम सोपं होतं. शोभावहिनीकडे जायचं आणि जे दिसलं ते सांगायचं. माझ्या घरापासून तिचं घर तीन फाटकं दूर. पण माझ्या डोक्यात वेगळंच शिजलं. हा माणूस जेवत नाही, एवढं मला समजलं. आणि न जेवणाऱ्या माणसावर आमच्याकडे एकच औषध पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. आग्रह! दहा दिवसांवर हनुमान जयंतीचा महाप्रसाद होता. मी ठरवलं, विष्णूला पहिल्या पंगतीत बसवायचं आणि आयुष्यभर त्याने जगाला जे केलं ते त्याला करायचं. वहिनीला मुद्दाम सांगितलं नाही. तिलाही गंमत वाटेल म्हणून.

महाप्रसादाला ऊन असं होतं की हॉलचे पत्रे तडतडत होते. विष्णू स्वेटर घालून मठ्ठ्याचं पातेलं घेऊन आला, तर मी पातेलं काढून घेतलं. आम्ही दोघांनी त्याला दंडाला धरून पाटावर बसवलं. दंड हातात आला तेव्हा मला धक्का बसला. कापडाच्या आत काठी होती. पण तोवर तात्यांनी माइक घेतला होता.

"आज आपले विष्णुपंत जेवणार! वाढा रे, हात आखडू नका!"

"तात्या, सोडा न," विष्णू म्हणाला. "मला नंतर बसायचंय. प्लीज यार, जयंता."

"बोटांच्या फटीतून सोडीन, विष्णू," मी म्हणालो. "तूच शिकवलंस."

त्याने पानावर हात आडवे धरले, आणि मी बोटांच्या फटीतून जिलबी सोडली. दुसऱ्याने पुरी टाकली. तिसऱ्याने श्रीखंड. लोक उभे राहून टाळ्या देत होते, एक, दोन, तीन. शोभावहिनी बायकांच्या बाजूने वाढत होती. तीही हसत आली आणि तिने त्याला घास भरवला. विष्णू जेवला. सगळं. भरभर, मान खाली घालून, कुणाकडे न बघता. पान चाटूनपुसून लख्ख झालं. आम्ही हॉल डोक्यावर घेतला. माझी तर छाती अशी फुगली, की मी डॉक्टरकीची पाटी लावायला हरकत नव्हती.

हात धुवायला म्हणून तो उठला. दहा मिनिटं झाली. दुसरी पंगत बसली. शोभावहिनी म्हणाली, "भावोजी, हे कुठे गेले बघा न जरा."

हॉलच्या मागे टाकीजवळ नळ सुरू होता. विष्णू नळाखाली आडवा पडला होता, गुडघे पोटाशी घेऊन. तोंडाजवळ सगळं अन्न पडलेलं, पाण्याबरोबर नालीकडे वाहत होतं. डोळे अर्धे उघडे. मी त्याला उचललं. मी एकट्याने उचललं. ज्या माणसावर मी मंडपाच्या डिपॉझिटचा जोक केला होता, त्याला मी, पायऱ्या चढताना धापा टाकणारा मी, दोन्ही हातांवर घेऊन रिक्षापर्यंत गेलो, आणि मला धाप लागली नाही.

हॉस्पिटलात त्याला आत नेलं. थोड्या वेळाने डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. तरुण, कडक, हातात कागद. "हार्ट की लय बिगड़ी हुई है। पोटैशियम बहुत नीचे है। ये रोज़ खाते क्या हैं?"

"घरी तसे कमीच जेवतात," शोभावहिनी म्हणाली. "यांचं बाहेरच जास्त होतं. मंडळात, ऑफिसात. येऊन सांगतात न, जेवून आलो."

"वहिनी, मंडळात तो दीड वर्षात वाढप्यांच्या पंगतीला बसला नाही. सांगायचा, घरी शोभा थांबली आहे."

"मी थांबली आहे?"

"हो."

"आणि डबा? डबा तर रोज रिकामा येतो."

मला गाय दिसली. दीड वाजता फाटकाशी उभी राहिलेली, तुकतुकीत. मी वहिनीला गाईचं सांगितलं. बाकड्यावर बसल्या बसल्या आम्ही दोघांनी एकमेकांना एकेक गोष्ट सांगायला सुरुवात केली. मी पट्ट्याचं सांगितलं, तिने सांगितलं की उशीवर रोज केस पडलेले असतात. मी बापूचं सांगितलं. तिने सांगितलं, की हाताच्या बोटांच्या सांध्यांवर जखमा होत्या, कढईचा चटका बसला म्हणाले. जेवण झालं की लगेच बाथरूममध्ये जायचे आणि नळ सोडायचे. ती गणिताची बाई, तिने सगळं पुन्हा एकदा मनाशी मांडलं असावं. मग म्हणाली, "भावोजी, बापूने तुम्हाला कधी सांगितलं?"

"दहा दिवस झाले."

ती उठून काचेच्या दाराशी जाऊन उभी राहिली. ते दहा दिवस अजून आमच्या दोन घरांमध्ये पडलेले आहेत. ते उचलायचे कुणी, हे आम्हाला ठरवता आलेलं नाही.

डॉक्टर मॅडम पुन्हा आल्या तेव्हा मी त्यांना विचारलं, की हे उपाशी राहणं, बोटं घालून ओकणं, हे तर शाळकरी पोरींना होतं न? त्या माझ्याकडे अशा बघू लागल्या, की मला माझ्या वयाची लाज वाटली. म्हणाल्या, किसी को भी होता है. पुरुषांचं उशिरा कळतं, कारण कुणी शोधत नाही. नखरा नाही, श्रद्धा नाही, बीमारी आहे. इलाज आहे, पण लांबचा आहे, आणि हृदय किती साथ देतं ते आज सांगता येणार नाही. "और ज़बरदस्ती खिलाया किसने?" त्यांनी विचारलं. मी हात वर केला, शाळेतल्यासारखा.

विष्णू वाचला. अकरा दिवस आत होता, मग इंदूरला मनाच्या डॉक्टरांकडे आणि आहाराच्या बाईंकडे फेऱ्या सुरू झाल्या. त्यांनी आम्हाला नियम लिहून दिले. ठरल्या वेळी जेवण. जेवताना कुणी तरी सोबत बसायचं आणि नंतरही तासभर. आग्रह करायचा नाही. घास मोजायचे नाहीत. "छान दिसतोस," "भरलास," "वाळलास," यातलं काही बोलायचं नाही. घरात काटा ठेवायचा नाही, वजन इंदूरलाच होणार आणि तेही काट्याकडे पाठ करून. शोभावहिनीची शाळा दुपारची, म्हणून दुपारचं जेवण माझ्याकडे आलं. बँकेतून मी मागच्याच वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. आग्रह नाही, जोक नाही, दिसण्यावर एक शब्द नाही. माझं सगळं भांडवलच जप्त झालं. पहिले काही दिवस मी त्याच्यासमोर बसून क्रिकेट, वीजबिल आणि कूलरची गवत-जाळी या तीन विषयांवर इतकं बोललो, की एकदा तोच म्हणाला, "जयंता, चूप बैस यार. तू गप्प असलास की गिळलं जातं."

तात्या एकदा शाल घेऊन निघाले होते. मी त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. आमची चाळीस वर्षांची ओळख आहे, आता ते माझ्याशी बोलत नाहीत.

सगळं सुधारत गेलं असं लिहायला मला आवडलं असतं. नाही गेलं. पावसाळ्यात तो पुन्हा घसरला. दुपारी भाजी पोळीखाली लपवली. मी पाहिलं, बोललो नाही, इंदूरला फोन केला. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस मी साडेबाराला त्याच्या घरी गेलो तर दाराला कुलूप. मी अंगणात उभा असतानाच बापूचा फोन आला. त्याला माझा नंबर मीच देऊन ठेवला होता.

"आ जाओ। आए हैं।"

विष्णू कडुनिंबाखाली उभा होता. चपला, घड्याळ, चष्मा, पट्टा, सगळं गोणपाटावर. बापूने काटा पोत्यात गुंडाळला होता आणि तो स्वतः त्यावर बसला होता, मांडी घालून, बिडी ओढत.

"त्याला बोल न जयंता," विष्णू म्हणाला. "एकदाच. फक्त किती ते बघू दे. कळलं की मी जेवतो, शप्पथ."

माझ्या जिभेवर तीन जोक आले. खरं सांगतो, तिन्ही चांगले होते. मी गोणपाटाच्या कडेला, त्याच्या चपलांशेजारी बसलो.

"मी कुठे पोचलो ते मला कळत नाही रे," तो म्हणाला. "काटा नसला की मी आहे का नाही तेच कळत नाही."

"आहेस," मी म्हणालो. "समोर उभा आहेस. माझ्या अंगावर सावली पडली आहे."

देवासची बस गेली. आगरची गेली. बापूची बिडी संपली, त्याने दुसरी काढली, पण पेटवली नाही. मी कूलरबद्दलही बोललो नाही. खूप वेळाने विष्णू खाली बसला आणि त्याने चष्मा घातला. मग घड्याळ. पट्टा लावताना एका भोकातून आकडा निसटत होता. मी मदत केली नाही. करायची का नाही ते नियमात लिहिलेलं नव्हतं.

"किती वाजले?" त्याने स्वतःचं घड्याळ बघितलं. "दीड. शोभाने खिचडी करून ठेवली आहे."

आम्ही चालत घरी गेलो. मी खिचडी गरम केली, दोन ताटल्या घेतल्या. त्याने पहिला चमचा तोंडात घातला आणि तो गिळायला त्याला इतका वेळ लागला, की माझी ताटली अर्धी झाली. मग दुसरा. त्याने सात चमचे खाल्ले आणि ताटली बाजूला सारली. आहाराच्या बाईंनी सांगितलेलं याच्या दुप्पट होतं. घास मोजायचे नाहीत, तरी मी मोजले.

मग त्याने बाथरूमच्या दाराकडे पाहिलं. मी पाहिलं की तो पाहतो आहे. त्याने खुर्ची भिंतीकडे ओढली, दाराकडे पाठ केली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"तासभर बस," तो म्हणाला. "जाऊ नको."

मी बसलो.